पाठमोरा नाविक : फ्रेडरिक सेप्टिमस केली

ढाकुरियाच्या तळ्यावर, म्हणजे रवींद्र सरोवरावर, पहाटे फिरायला येणाऱ्या आपल्या मंडळींना हे दृश्य पाठ असेल. पाणी अजून काळपट असते, काठावरच्या झाडांत कावळ्यांची सभा भरलेली असते, आणि अचानक एक लांबलचक, अरुंद होडी आवाज न करता समोरून निघून जाते. आत एकटाच मुलगा. मागे पाण्यावर वल्ह्यांची गोल गोल वर्तुळे उरतात, ती पसरत जातात आणि विरतात. कोलकात्याला हे नवे नाही. इथला कलकत्ता रोइंग क्लब १८५८ सालचा, म्हणजे हे तळे खोदले जाण्याच्या कितीतरी आधीचा.

मी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. संगमाजवळ मुळेच्या काठी आमचा बोट क्लब. रेगाट्याच्या संध्याकाळी पाण्यावरचा मशालींचा नाच पाहायला अर्धे पुणे लोटत असे. मी काही मोठा नावाडी नव्हतो. कप एकही नाही, दोनदा नदीत मात्र पडलो. पण एक गोष्ट तेव्हा अंगात भिनली ती आजतागायत गेलेली नाही. हा खेळ असा आहे की खेळाडूची पाठ नेहमी जायच्या दिशेला असते. पुढचे दिसत नाही. जे मागे पडले तेवढेच डोळ्यांसमोर असते. वल्हे ओढायचे आणि विश्वास ठेवायचा.

सिडनीत स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याने काही वर्षांपूर्वी एक जाडजूड पुस्तक पाठवले. सोबत चिठ्ठी : "काका, तुमच्या होड्यांचा आणि काकूच्या पेटीचा, दोघांचाही माणूस सापडला." पुस्तकाचे नाव 'रेस अगेन्स्ट टाइम'. तेरेझ रॅडिक यांनी संपादित केलेली ही फ्रेडरिक सेप्टिमस केली याची रोजनिशी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००४ मध्ये प्रसिद्ध केली. त्या वर्षीचा पावसाळा मी या माणसाबरोबर काढला. स्मरणिकेसाठी लेख द्या असे संपादकांनी फर्मावले तेव्हा दुसरा विषय सुचेना.

केलीचा जन्म २९ मे १८८१ रोजी सिडनीत झाला. वडील मूळचे आयर्लंडचे, लोकरीचे मोठे व्यापारी. सेप्टिमस म्हणजे लॅटिनमध्ये सातवा. हे सातवे अपत्य. मित्र त्याला 'क्लेग' म्हणत. घरात पैशाला तोटा नव्हता. मुलाला सिडनीहून इंग्लंडला ईटनच्या शाळेत धाडले, तिथून ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात. संगीताची शिष्यवृत्ती मिळवून तो तिथे गेला होता. पदवी इतिहासाची घेतली आणि तीही अगदी सुमार वर्गात. कारण उघड होते. त्याचा अर्धा दिवस पियानोवर जाई आणि उरलेला अर्धा नदीवर.

इथे नौकानयनाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आठजणांच्या किंवा चौघांच्या होडीत प्रत्येकाच्या हाती एकच लांब वल्हे असते, दोन्ही हातांनी ओढायचे. 'स्कलिंग' म्हणजे प्रत्येक हातात एकेक वल्हे. एकेरी स्कलिंगमध्ये माणूस एकटाच असतो. सुकाणू सांभाळायला कोणी नाही, ओरडून ताल द्यायला कोणी नाही. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ या पठ्ठ्याने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात तेरावा क्रमांक मिळवला, ते आठवत असेल. दत्तू होडीत बसला तो सैन्यात गेल्यावर, पुण्यात खडकीला. केली बसला तो थेम्सवर, पण होडीच्या आतला एकटेपणा दोघांनाही सारखाच.

थेम्सवरच्या हेन्ली गावी १८३९ पासून शर्यती होतात. एकेरी स्कलिंगची 'डायमंड स्कल्स' ही त्यांतली मानाची शर्यत, लांबी एक मैल ५५० यार्ड. केलीने ती १९०२, १९०३ आणि १९०५ अशी तीनदा जिंकली. १९०५ ची त्याची वेळ ८ मिनिटे १० सेकंद. हा विक्रम ३३ वर्षे टिकला. १९३८ मध्ये जो बर्क या अमेरिकनाने तो मोडला तेव्हा केलीला जाऊन बावीस वर्षे झाली होती. याखेरीज लिअँडर क्लबच्या आठजणांच्या होडीतून हेन्लीचा 'ग्रँड चॅलेंज कप' त्याने १९०३, १९०४ आणि १९०५ असा लागोपाठ तीन वर्षे जिंकला. त्याला पाहिलेल्या लोकांनी एकच गोष्ट वारंवार लिहून ठेवली आहे, ती म्हणजे त्याची लय. जोरकस माणसे पुष्कळ होती, पण हा बसला की होडी जणू जिवंत व्हायची. गाण्याच्या घरातला मुलगा खेळात उतरला की बऱ्याचदा असे होते, निदान मला तरी तसे वाटते.

गंमत अशी की ज्या वर्षांत हे विक्रम होत होते, त्याच वर्षांत हा गृहस्थ राहायला होता जर्मनीत. १९०३ मध्ये ऑक्सफर्ड संपल्यावर तो फ्रँकफुर्टच्या हॉख संगीत विद्यालयात दाखल झाला. पियानो एर्न्स्ट एंगेसर यांच्याकडे, रचनाशास्त्र इव्हान क्नॉर यांच्याकडे. ऑस्ट्रेलियाचाच पर्सी ग्रेंजर त्याच्या आधी याच क्नॉर यांच्या हाताखालून गेला होता. हेन्लीच्या शर्यती उन्हाळ्यात. तेवढ्यापुरते इंग्लंडला यायचे, वल्ही हाती घ्यायची, कप जिंकायचे आणि परत पियानोपुढे जाऊन बसायचे.

मग आले १९०८ चे लंडन ऑलिंपिक. नौकानयनाच्या स्पर्धा हेन्लीलाच होत्या. घेंट शहराच्या बेल्जियन क्लबने १९०६ आणि १९०७ मध्ये ग्रँड चॅलेंज कप नेला होता आणि इंग्रजांच्या नाकाला ते चांगलेच झोंबले होते. म्हणून लिअँडरने जुन्या खोडांची एक चमू उभी केली. त्यातल्या गाय निकल्सचे वय ४१ होते. वर्तमानपत्रांनी 'म्हातारे' म्हणून थट्टा केली. केली त्यांच्यात २७ वर्षांचा. या म्हाताऱ्यांनी हंगेरीला हरवले, कॅनडाला हरवले आणि अंतिम फेरीत बेल्जियमला दोन होड्यांच्या अंतराने मागे टाकले. सुवर्णपदक! आणि त्यानंतर केलीने स्पर्धेतले वल्हे खाली ठेवले ते कायमचेच.

आपल्याकडे असे कोणी केले तर आईवडील, शेजारी, ऑफिसातले साहेब सगळे समजूत घालायला येतील. केलीला मात्र मनातून ठाम ठाऊक होते की आपण नावाडी नाही, संगीतकार आहोत. त्याची रोजनिशी १९०७ मध्ये सुरू होते, आणि विजेता खेळाडू म्हणून ती वाचायला घेतली तर माणूस चकित होतो. तिच्यात जिकडेतिकडे रियाज आहे. आज किती तास बसलो, कुठल्या रचनेत बोटे अडली, मैफलीच्या आधी हातांत कसे कंप आला, श्रोत्यांपुढे मन का एकाग्र होत नाही. होडीत हजारोंसमोर ज्याची लय कधी ढळली नाही तो वीस-पंचवीस माणसांपुढे पियानो वाजवताना घाबरे. मला हे वाचताना हसू आले, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. आपणही नोकरीत जे सहज जमते त्याचे कौतुक करून घेतो, आणि जे मनापासून करायचे होते ते रविवारवर ढकलतो. केलीने तसे केले नाही, एवढे तरी त्याला मानले पाहिजे.

थेम्सच्या काठी बिशम नावाच्या गावात बहीण मेझीबरोबर तो राहत असे. १९११ मध्ये सिडनीला जाऊन त्याने मैफली केल्या. त्याच वर्षी बासरीवादक जॉन लेमोन याच्यासाठी एक सुरेख सेरेनेड लिहिले. १९१२ मध्ये लंडनला स्वतःच्या वादनाची मालिका केली. चेलोवादक पाब्लो कासाल्ससारख्या मोठ्या कलावंतांबरोबर वाजवले. येली दारान्यी ही हंगेरीची तरुण व्हायोलिनवादक त्याची साथीदार. दोघे खूप वाजवीत. तिचे त्याच्यावर प्रेम होते. त्याच्या बाजूने गोष्ट मैत्रीपलीकडे गेली नाही. समीक्षकांनी कधी बरे लिहिले, कधी हातचे राखून. संगीतकार म्हणून त्याचे नाव हळूहळू होत होते, पण हळूहळूच. त्याला वाटत होते, वेळ आहे.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले. केली ३३ वर्षांचा, श्रीमंत, अविवाहित. सक्तीची भरती तेव्हा नव्हती. शिवाय ज्यांच्याशी लढायचे त्यांच्यातच त्याची पाच वर्षे गेली होती, आणि त्याच्या बोटांतले निम्मे संगीत जर्मन होते. तरी तो गेला. नौदलाच्या राखीव दलातून उभ्या केलेल्या 'रॉयल नेव्हल डिव्हिजन'च्या हूड पलटणीत तो अधिकारी झाला. नाव नौदलाचे, लढाई मात्र जमिनीवरची, खंदकातली.

फेब्रुवारी १९१५ च्या अखेरीस 'ग्रँटली कॅसल' हे जहाज या पलटणीला घेऊन निघाले. जहाजावर एका टेबलावर जेवणारी मंडळी पाहा : कवी रूपर्ट ब्रूक, ज्याची 'द सोल्जर' ही कविता पुढे घरोघरी गेली, पंतप्रधान ॲस्क्विथ यांचा मुलगा आर्थर, ग्रीकचा पंडित पॅट्रिक शॉ-स्ट्यूअर्ट, चार्ल्स लिस्टर, संगीतकार डेनिस ब्राउन, न्यूझीलंडचा नामांकित जलतरणपटू बर्नार्ड फ्रायबर्ग, आणि आपला केली. इतकी विद्वान बैठक की बाकीचे त्याला 'लॅटिन टेबल' म्हणत. सगळ्यांचे लक्ष एकाच ठिकाणी लागलेले, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीकडे.

ब्रूक तिथे पोचलाच नाही. डास चावल्याचे निमित्त झाले, रक्तात विष भिनले, आणि २३ एप्रिल १९१५ रोजी ग्रीसच्या स्कायरॉस बेटाजवळ एका फ्रेंच रुग्णजहाजावर तो वारला. वय २७. जहाज दुसऱ्या दिवशी पहाटे युद्धाकडे निघणार होते. म्हणून त्याच रात्री मशाली आणि कंदील घेऊन मित्रांनी त्याला बेटावर नेले. एका ओढ्याच्या काठी ऑलिव्हची झाडे होती, त्यांच्याखाली त्याला पुरले. थडगे खोदणाऱ्यांत त्या जेवणाच्या टेबलावरचे मित्र होते. पायाखाली गोटे, हवेत रानटी ओव्याचा वास. माघारी जाण्याआधी त्यांनी थडग्यावर दगडांची रास रचली. केली सगळ्यांबरोबर होता. ब्रूकच्या वहीतल्या कविता त्यानेच काळजीपूर्वक उतरवून घेतल्या होत्या, मूळ वही हरवली तर असू द्याव्यात म्हणून.

दोन दिवसांनी, २५ एप्रिलला, गॅलिपोलीची चढाई झाली. नेमक्या त्याच दिवशी तिकडे बेल्जियममध्ये इप्र शहराजवळ गिल्क्रिस्ट मॅक्लगन मारला गेला. हा कोण? १९०८ च्या सुवर्णपदकाच्या होडीत सुकाणू धरून बसलेला लहानखुरा माणूस. होडीत पुढचे दिसणारा तो एकटाच.

गॅलिपोलीत केली दोनदा जखमी झाला. ४ जून १९१५ च्या क्रिथियाच्या लढाईत डेनिस ब्राउन गेला. त्याच दिवशी, त्याच रणांगणाच्या दुसऱ्या टोकाला एका घळीत आपल्या हिंदुस्थानी फौजेतल्या १४ व्या शीख पलटणीची बहुतांश माणसे पडली, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते. केलीला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या रुग्णालयात हलवले. आणि तिथे, खाटेवर पडून, त्याने स्कायरॉसच्या रात्रीपासून डोक्यात घोळत असलेली रचना जूनमध्ये पूर्ण केली : तंतुवाद्यांसाठी आणि हार्पसाठी 'एलेजी', रूपर्ट ब्रूकच्या स्मरणार्थ.

ही रचना आता सहज ऐकायला मिळते. पाश्चात्त्य संगीतातले मला फार कळते असे नाही. सौभाग्यवती पेटी वाजवते, तिने डोळे मिटून दोनदा ऐकली आणि म्हणाली, "यात रडणे नाही, नुसते बसून राहणे आहे." मला वाटते तिने बरोबर ओळखले. सूर जुन्या चर्चमधल्या प्रार्थनेसारखे साधे चालतात, मध्येच हार्पची सळसळ येते, ती थडग्यावरच्या ऑलिव्हच्या पानांची. केलीनेच तसे लिहून ठेवले आहे. आक्रोश एखाददुसऱ्या जागीच वर येतो आणि लगेच दबतो. ज्या माणसाने वर्षानुवर्षे रियाजाचे तास मोजले, परीक्षणे वाचून मन खट्टू करून घेतले, त्याच्याकडून हे एका रुग्णालयात, घोंघावणाऱ्या माशांत, पियानोशिवाय घडले. बरे घडले असे म्हणवत नाही. पण त्याची सर्वांत चांगली रचना हीच, याबद्दल जाणकारांत फारसे दुमत नाही.

बरा झाल्यावर तो परत गॅलिपोलीला गेला. तिथेच त्याने येलीसाठी व्हायोलिन सोनाटा लिहिला, खंदकांतून, तोफांच्या आवाजात. जानेवारी १९१६ मध्ये इंग्रजांनी गॅलिपोली सोडली तेव्हा तो शेवटच्या तुकड्यांत होता. शौर्यासाठी त्याला 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' मिळाला. लॅटिन टेबलावरचा चार्ल्स लिस्टर तोवर जखमांनी गेलेला होता.

याच महिन्यांत मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी उपाशी लढत होत्या. २९ एप्रिल १९१६ ला त्यांना शरण जावे लागले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. महाराष्ट्रात कितीतरी गावांच्या चावडीवर अशा शिळा आहेत : अमुक इतके गेले, अमुक इतके परतले नाहीत. केलीची रोजनिशी वाचताना हा विचार मला सोडीना. त्या सेहेचाळीसजणांत कोणी पेटी वाजवणारा असेल, कोणी पवाडे रचणारा असेल, नदीच्या पुरात होडी घालणारा तर नक्कीच असेल. केलीच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब आपल्या हातात आहे. त्यांचा फक्त आकडा.

असो. मे १९१६ मध्ये रॉयल नेव्हल डिव्हिजन फ्रान्सला आली. केली आता लेफ्टनंट कमांडर आणि एका कंपनीचा प्रमुख. फ्रायबर्ग पलटणीचा मुख्य. पलटणीचा बँड केलीच्या हाती आला आणि त्याने रियाजाची तीच शिस्त त्या साध्या शिपायांना लावली. ऑक्टोबरच्या अखेरीस सोमच्या आघाडीवर त्याने पियानोसाठी एक छोटा विलाप लिहिला. ती त्याची शेवटची रचना.

१३ नोव्हेंबर १९१६. पहाटेचे धुके, गुडघाभर चिखल. आंक्र नदीकाठच्या बोकूर गावावर हल्ला सुरू झाला. एका जर्मन मशीनगनने वाट अडवली होती. केली काही माणसे घेऊन तिच्यावर धावून गेला आणि पडला. वय ३५. बोकूर दुसऱ्या दिवशी पडले. जखमी होऊनही लढत राहिलेल्या फ्रायबर्गला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो जगला, पुढे न्यूझीलंडचा गव्हर्नर जनरल झाला. आर्थर ॲस्क्विथ एक पाय गमावून जगला. शॉ-स्ट्यूअर्ट १९१७ च्या डिसेंबरात गेला.

आणि १९०८ च्या त्या होड्या? सुवर्णपदकाच्या आठजणांच्या होडीतले मॅक्लगन आणि केली गेलेच होते. रोनाल्ड सँडरसन एप्रिल १९१८ मध्ये गेला. त्याच वर्षी चौघांच्या होडीत सुवर्णपदक मिळवणाऱ्यांपैकी जॉन सॉमर्स-स्मिथ १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या पहिल्याच दिवशी पडला, आणि डंकन मॅकिनन ऑक्टोबर १९१७ मध्ये. दोन होड्यांत मिळून तेरा माणसे होती, त्यांतली पाच युद्धाने नेली.

केलीला फ्रान्समध्ये मार्तँसार गावच्या लष्करी दफनभूमीत पुरले. इतर युद्धस्मशानांत दगड पांढरे असतात, इथले तांबूस वालुकाश्माचे आहेत. बिशमच्या स्मारकावरही त्याचे नाव आहे. १९१९ च्या मे महिन्यात लंडनच्या विगमोर हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली आणि फ्रँक ब्रिज यांच्या मार्गदर्शनाखाली 'एलेजी' वाजली. मित्रासाठी लिहिलेली रचना त्याच्याच शोकसभेत ऐकली गेली.

त्यानंतर फार शांतता होती. नावाड्यांना त्याचा विक्रम ठाऊक होता, ब्रूकच्या चरित्रकारांना तो थडग्यापाशी उभा असलेल्यांतला एक म्हणून ठाऊक होता. संगीत वह्यांत पडून राहिले. रोजनिशी २००४ मध्ये आली, युद्धकाळातली पाने पुढे वेगळ्या पुस्तकातून आली. येलीचा सोनाटा तर हरवलाच असे धरले जात होते. ऑस्ट्रेलियाचे व्हायोलिनवादक ख्रिस्तोफर लेथम यांनी त्याचे हस्तलिखित इटलीत फ्लॉरेन्सला शोधून काढले आणि मायदेशी वाजवले. येली दारान्यी १९६६ पर्यंत जगली. तिने लग्न केले नाही.

पुतण्याने आता त्या सोनाट्याचे ध्वनिमुद्रणही पाठवले आहे. गणपतीच्या दिवसांत घरी पाहुणे असतात, पेटी आणि तबला दिवसभर चालू असतो; ते आटोपले की कोजागिरीच्या सुमारास एकदा सगळ्यांनी मिळून ऐकू, असे सौभाग्यवतीने ठरवले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आधी निरोप द्यावा, म्हणजे दुधाचा अंदाज येतो.